कमी नुकसानीची वृक्षतोड : गावच्या टोळीसाठी एक जोडधंदा

धानाची कापणी व मळणी आटोपली की पूर्व विदर्भातील गावांत दोन व्यवहार एकाच वेळी सुरू होतात. गावातील धडधाकट तरुण कामाच्या शोधात नागपूर, रायपूर, हैदराबादकडे निघतात. आणि बाहेरगावचे लाकूड-व्यापारी धुऱ्यावरील झाडे पाहत गावात येतात. गावचे हात बाहेर जातात आणि बाहेरचे हात गावची झाडे तोडून नेतात. शेतकऱ्याच्या पदरी पडणारी रक्कम अल्प असते, मोडलेला धुरा मात्र त्यालाच बांधावा लागतो. हे काम गावातील पाच-सहा जणांच्या शिकलेल्या टोळीने, जमिनीचे व उरलेल्या झाडांचे कमीत कमी नुकसान करून हाती घेतले, तर दोन्ही बाजूंचे हित साधू शकेल. असा धंदा कसा उभारावा व चालवावा, याची माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

बिरसीचा परिसर व कामाचे स्वरूप

गोंदिया तालुक्यातील कामठ्याजवळचे बिरसी हे गाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या धावपट्टीमुळे व आता तेथे असलेल्या विमानतळामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. भोवतालचा मुलूख मात्र धानाचाच. अशा गावात जंगल म्हणजे केवळ वनखात्याचे राखीव वन नव्हे. धुऱ्यावरील बाभूळ, पळस व मोह, परसातील बांबूची बेटे, बोडीच्या काठची झाडे, आणि कोणी हौसेने लावलेला एखाद्या एकराचा साग, हे सर्व मिळून गावाचे विखुरलेले जंगलच होय.

या विखुरलेल्या जंगलात टोळीला पुढील कामे मिळू शकतात : सागाची विरळणी, बांबूच्या बेटांची सफाई व तोड, धानावर सावली धरणाऱ्या फांद्यांची छाटणी, वाळलेली व धोकादायक झाडे उतरविणे, आणि तोडलेला माल रस्त्यापर्यंत ओढून देणे. विमानतळाच्या परिसरात झाडांच्या उंचीवरही निर्बंध असतात. तेथील छाटणी संबंधित अधिकाऱ्यांच्या सूचनेनुसारच करावयाची असते.

कामाचा मुख्य हंगाम डिसेंबर ते मार्च हा होय. तथापि बांधीत लाखोळी उभी असेल तर ती निघेपर्यंत बंडी त्या वाटेने घालू नये. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले व त्यानंतर तेंदूपाने वेचण्याचे दिवस येतात. पहिला पाऊस पडताच ओढणीचे काम थांबविलेच पाहिजे.

उक्त्या सौद्यात तोटा कोणाचा?

सामान्यतः शेतकरी उभे झाड उक्ते विकतो. घरी लग्न निघते, दवाखान्याचा खर्च उपटतो, आणि व्यापारी रोख रक्कम पुढे करतो. झाडाचा घेर मोजला जात नाही, लांबी मोजली जात नाही. दहा झाडांचा सौदा ठरतो, आणि त्या दहांत सर्वांत सरळ व जाड अशीच झाडे निवडली जातात. वाकडी, पोकळ, खुरटलेली झाडे मागे राहतात व पुढे बीही त्यांचेच पडते. असा सौदा दोन-तीन वेळा झाला की धुऱ्यावर झाडे दिसतात, पण त्यांत लाकूड म्हणून विकण्याजोगे काही उरत नाही.

याचे मूळ केवळ व्यापाऱ्याच्या लोभात शोधणे बरोबर होणार नाही. ज्याची मिळकत नेलेल्या लाकडावर अवलंबून आहे, तो अधिक व उत्तम लाकूडच नेणार. म्हणून या धंद्याचा पहिला नियम असा की टोळीने लाकूड विकत घेऊ नये. तिने केवळ आपले काम विकावे. लाकडाची मालकी अखेरपर्यंत शेतकऱ्याकडे राहावी आणि टोळीला ठरलेल्या कामाची मजुरी मिळावी. असे झाले म्हणजे एखादे चांगले झाड उभे राहिल्याने टोळीचे काहीच बुडत नाही, आणि कमी नुकसान करणे हे तिच्याही सोयीचे होते.

इतरत्र आलेला अनुभव

ठेकेदाराऐवजी श्रम करणाऱ्यांच्या हाती जंगलाचे काम द्यावे हा विचार नवा नाही. तत्कालीन मुंबई राज्यात १९४७ सालापासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या व ठेकेदारांकडे जाणारे कूप त्यांना मिळू लागले. आपला भाग त्या वेळी मध्य प्रांतात होता. तो १९५६ साली मुंबई राज्यात आला. या संस्थांनी आदिवासी मजुराला ठेकेदाराच्या पाशातून सोडविण्याचा मार्ग दाखविला. परंतु सरकारी वनातील तोडीवर मर्यादा येत गेल्या, आणि केवळ कुपावर विसंबणे किती अनिश्चित असते हेही दिसून आले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेशिवाय वनातील तोडीस मनाई केली. म्हणून नव्या टोळीने आपला पाया शेतकऱ्यांच्या खाजगी झाडांवर व बांबूवर घालावा हे श्रेयस्कर.

अलीकडची दोन उदाहरणे अधिक बोधप्रद आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून बांबू कोणी, केव्हा व किती तोडावा हे गावच ठरवू लागले. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला असाच हक्क २०१२ साली सुमारे १,००० हेक्टरवर मिळाला. तेथील ग्रामसभेने स्वतःची बांबू तोड व विक्री सुरू केली. त्याचबरोबर तेंदूपाने न तोडण्याचा निर्णय घेतला. कारण कोवळ्या पानांसाठी फांद्या छाटल्या जातात व जंगलात आगी लावल्या जातात. हाती येणारे उत्पन्न जंगलाच्या हितासाठी सोडून देणे त्या गावास शक्य झाले, याचे कारण जंगल राखण्याचा लाभही त्यालाच मिळणार होता.

गोंदिया जिल्ह्यातही देवरी व अर्जुनी-मोरगाव तालुक्यांत सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आहेत. बिरसीसारख्या धानपट्ट्यातील गावास एवढे वन लाभणार नाही हे खरे. परंतु काम करणारा व राखणारा एकच असावा हे तत्त्व धुऱ्यावरील दहा झाडांनाही तितकेच लागू पडते.

खूण राखावयाच्या झाडाला

नेहमीच्या तोडीत पाडावयाच्या झाडाला खूण केली जाते. शेतकऱ्याच्या शेतात याच्या उलट करावे. मालक व टोळीचा प्रमुख यांनी मिळून शेतात फिरावे आणि राखावयाच्या झाडाला छातीच्या उंचीवर चुन्याचा पट्टा ओढावा. जे सरळ, निरोगी व भरदार आहे ते राखावे. ज्याला फळ-फूल येते ते राखावे. ज्याच्या ढोलीत पक्ष्यांचे घरटे किंवा मधमाश्यांचे पोळे आहे तेही राखावे. पट्टा नसलेली झाडे मोजून त्यांची संख्या कागदावर लिहावी, व त्यापेक्षा एकही झाड अधिक तोडू नये.

सागाच्या लागवडीत हा नियम विशेष उपयोगी आहे. दोन मीटर अंतरावर लावलेल्या सागाची पहिली विरळणी साधारणतः पाचव्या-सहाव्या वर्षी करतात. त्या वेळी सुमारे निम्मी झाडे काढावी लागतात. वाकडी, दुबेळकी, दबलेली झाडे प्रथम काढावीत. पहिल्या विरळणीतून पैसा थोडा मिळतो. परंतु राहिलेल्या झाडांना उजेड व जागा मिळून त्यांचा घेर वाढतो. विरळणी टाळणाऱ्याच्या शेतात पंधरा वर्षांनीही केवळ बारीक बल्ल्याच उभ्या असतात.

कायद्याची चौकट

आपल्या शेतातील झाड असले तरी ते वाटेल तेव्हा तोडता येते, ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, मोह, आंबा, चिंच, ऐन, बिजा, खैर, जांभूळ इत्यादी अनुसूचित झाडे वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाहीत. काम घेण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी, सात-बारा उतारा पाहावा, आणि वाहतुकीस परवाना लागत असल्यास तो हाती आल्यावरच माल हलवावा.

आदिवासी शेतकऱ्याच्या जमिनीवरील झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. अशा शेतकऱ्यास फसवून झाडे घेतली जाऊ नयेत हा त्याचा हेतू होय. तेव्हा तेथे परस्पर सौदा न करता जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्यास शेतकऱ्यास साहाय्य करावे.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक गावांच्या दप्तरी झुडपी जंगल म्हणून नोंदलेली जमीन असते. ती पडीक दिसते म्हणून तिच्यावर कोयता चालविणे योग्य नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात झुडपी जंगल हे वनच समजावे असे स्पष्ट केले आहे.

बांबूबाबत मात्र शेतकऱ्यास मोठी सवलत मिळालेली आहे. २०१७ च्या अखेरीस निघालेल्या वटहुकुमाने व २०१८ च्या सुधारणेने, वनाबाहेरील जमिनीवर वाढविलेला बांबू भारतीय वन अधिनियमातील 'झाड' या व्याख्येतून वगळण्यात आला. वनातील बांबूला ही सवलत लागू नाही. वनहक्क कायद्याखाली मात्र बांबू हे गौण वनोपज असून, सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेस ते गोळा करून विकता येते. इमारती लाकडाचा त्यात समावेश नाही.

तोडीची रीत

झाड पाडण्यापूर्वी त्याचा कल, वाऱ्याची दिशा, वाळलेल्या फांद्या व जवळची वीजतार पाहावी. तार जवळ असल्यास वीज कंपनीस कळवून प्रवाह बंद झाल्याशिवाय कामास हात घालू नये. झाड ज्या बाजूस पाडावयाचे त्या बाजूस बुंध्याच्या जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी खाच घ्यावी. मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळाहून सुमारे ५ सेंटिमीटर उंचीवर, मागचा काप घ्यावा. दोन्ही कापांच्या मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी लाकडाची पट्टी न कापता ठेवावी. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखे काम करते व झाड ठरल्या बाजूसच झुकते. ती पार कापून टाकल्यास झाड कोठे पडेल याचा भरवसा राहत नाही. आऱ्याचे पाते अडकू नये म्हणून कापात लाकडी पाचर ठोकावी.

साग बुंध्यातून चांगला फुटतो. म्हणून त्याचा खुंट जमिनीलगत, गुळगुळीत व किंचित उतरता कापावा म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. पुढे फुटव्यांपैकी एक किंवा दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढावेत. बाभळीचा खुंट असा भरवशाने फुटत नाही; तेव्हा धुऱ्यावर बियांची एखादी बाभूळ राखणे अगत्याचे आहे. तलावाच्या पाळीवरील झाड मुळासकट कधीही उपटू नये, कारण त्या जागी पाळ कमजोर होऊन पाणी पाझरू लागते.

बांबूच्या बेटात पहिल्या वर्षाचे कोंब व दुसऱ्या वर्षाचे बांबू तोडू नयेत. तीन वर्षे वा त्याहून जुने बांबूच काढावेत आणि प्रत्येक बेटात किमान आठ पक्के बांबू उभे ठेवावेत. नवे कोंब वाऱ्यात त्यांच्याच आधाराने सरळ वाढतात. काप जमिनीपासून १५ सेंटिमीटरहून खाली व ४५ सेंटिमीटरहून वर नसावा, आणि तो पेराच्या लगेच वर घ्यावा. नवे कोंब बहुधा बेटाच्या बाहेरील अंगास येतात. म्हणून त्यांच्या विरुद्ध बाजूने घोड्याच्या नालेच्या आकाराची वाट करून आत शिरावे व मधले जुने बांबू काढावेत. सोपे म्हणून कडेचेच बांबू काढल्यास बेट मध्ये गुंतून बसते व काही वर्षांत निकामी होते. पावसाळ्यात तोड पूर्ण बंद ठेवावी.

ओढणी : बैल की ट्रॅक्टर?

झाड पाडताना जेवढे नुकसान होते त्याहून अधिक नुकसान पुष्कळदा ते ओढून नेताना होते. ओलसर बांधीतून जड ट्रॅक्टर नेल्यास माती दबते, आणि तेथे पुढील हंगामात धानाची मुळे खोल जात नाहीत. बारीक व मध्यम मालाला बैलजोडी पुरेशी असते. ओंडक्याचे पुढचे टोक लहान गाड्यावर उचलून ओढले म्हणजे जमीन उकरली जात नाही व बैलांनाही श्रम कमी पडतात.

शेतातून जाण्यास एकच वाट ठरवावी व तिच्यावर डहाळ्या अंथराव्यात. धुरा एकाच ठिकाणी ओलांडावा, आणि काम संपल्यावर तो पूर्ववत बांधून मगच शेत सोडावे. ही शर्त करारातच लिहिलेली असावी. बाभळीच्या काटेरी फांद्या कुंपणास, बारीक लाकूड चुलीस व पाला खताच्या खड्ड्यात जावा. शेतात पाचोळा पेटवून देऊ नये. यंत्र-करवत वापरणाऱ्यांनी तेल भरण्याचे काम विहीर व बोडीपासून दूर करावे.

माप ठाऊक असावे

गोल लाकडाचे माप घेण्याची प्रचलित रीत म्हणजे मधल्या घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करणे व त्यास लांबीने गुणणे. समजा ओंडक्याचा मधला घेर १.२ मीटर व लांबी ३ मीटर आहे. घेराचा चौथा हिस्सा ०.३ मीटर, त्याचा वर्ग ०.०९; लांबीने गुणिले असता ०.२७ घनमीटर येते. त्याच ओंडक्यातील प्रत्यक्ष लाकूड सुमारे ०.३४ घनमीटर असते. म्हणजे या रीतीत प्रत्यक्षाच्या ७८ ते ७९ टक्केच लाकूड मोजले जाते. ही रीत वापरण्यास हरकत नाही. मात्र दर कोणत्या मापावर ठरला आहे हे विकणाऱ्यास कळले पाहिजे. टोळीने मोजणीचा कागद शेतकऱ्याच्या हाती द्यावा. जो शेतकरी माप घेऊन बाजारात जातो, त्याला उक्त्या सौद्यात फसविणे कठीण असते.

दराची आकारणी

टोळीने आपला दर अंदाजाने सांगू नये. पुढील उदाहरणातील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. स्थानिक मजुरीप्रमाणे ते बदलून घ्यावेत.

समजा एक एकर सागाची पहिली विरळणी करावयाची आहे. एकरी सुमारे १,००० झाडांपैकी ५०० काढावयाची आहेत. सहा जणांना पाच दिवस लागल्यास ३० मनुष्यदिवस होतात.

३० दिवसांची मजुरी, रोज ५०० रुपयांप्रमाणे : १५,००० रुपये
बैलबंडी, दोन दिवस : २,४०० रुपये
इंधन, तेल व कानस : ९०० रुपये
हत्यारांची झीज : १,२०० रुपये
एकूण : १९,५०० रुपये
राखीव निधी, शेकडा १० : १,९५० रुपये
एकंदर : २१,४५० रुपये

म्हणजे प्रत्येक बल्लीमागे सुमारे ४३ रुपये खर्च आला. बल्लीचा बाजारभाव याहून किती अधिक आहे हे पाहून शेतकऱ्याने निर्णय घ्यावा. भाव कमी असेल तर टोळीने तसे स्पष्ट सांगावे. एक काम गेले तरी चालेल, पण शब्द गेला तर गावात धंदा राहत नाही.

हत्यारांची झीज व राखीव निधी या दोन रकमा आपसांत वाटून घेण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. नवे टोळके बहुधा पहिल्या वर्षी बुडत नाही. आरा मोडला, बैल आजारी पडला किंवा गडी जखमी झाला आणि शिल्लक काहीच नाही, अशा वेळी ते बुडते. आरंभी दोन माणसांचा आरा, कुऱ्हाडी, कोयते, पाचरी, दोर, पहार, मोजपट्टी व कानस एवढी सामग्री पुरे. यंत्र-करवत कर्जाने घेण्याऐवजी पहिला हंगाम पार पडल्यावर शिलकीतून घ्यावी. हिशेबाची वही एकाने लिहावी, व दर आठवड्यास ती सर्वांसमोर वाचून दाखवावी.

जिवाची काळजी

लाकूडतोड हे जोखमीचे काम आहे. पडणाऱ्या झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात तोडणाऱ्यावाचून दुसरे कोणी नसावे. तोडणाऱ्याने आधीच आपली माघारीची वाट, झाड पडण्याच्या दिशेच्या मागे तिरप्या अंगाने, मोकळी करून ठेवावी. दुसऱ्या झाडात अडकलेल्या झाडाखाली कोणीही जाऊ नये. ते दोराने ओढून काढावे. डोक्यावर शिरस्त्राण व पायांत मजबूत बूट असावेत. एकट्याने तोड करू नये, आणि दारू घेतलेल्या गड्यास त्या दिवशी हत्यार देऊ नये.

टोळीतील प्रत्येकाने बँकेमार्फत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नाव घालावे. वर्षाकाठी २० रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. गेलेला माणूस त्या रकमेने परत येत नाही, पण घरच्यांवर धुऱ्यावरची झाडे उक्ती विकण्याची वेळ तरी येत नाही.

ग्रामसेवकांस विनंती

या कामी ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी पुढाकार घेतल्यास पुष्कळ काही साध्य होईल. कापणीपूर्वीच, तरुण बाहेर जाण्याच्या आत, गावात एक बैठक घ्यावी. कोणाच्या शेतात विरळणीजोगा साग आहे, कोणाचे बांबूचे बेट गुंतले आहे, याची यादी करावी. ती पाहूनच किती जणांस किती दिवस काम मिळेल हे ठरेल. यादी लहान असेल तर शेजारच्या दोन-तीन गावांची मिळून एकच टोळी करावी. काम नसता टोळी उभी करणे म्हणजे तरुणांची निराशा करणे होय. पहिली विरळणी सर्वांनी पाहावी अशा शेतात करावी, आणि तोड झाल्यावर शेतकऱ्यांना तेथे नेऊन धुरा, वाट, खुंट व राखलेली झाडे दाखवावीत. चुन्याचे पट्टे ओढलेली सर्व झाडे जागेवर उभी आहेत की नाहीत, हे तेथे कोणासही मोजून पाहता येईल.